उघड्यावरचे ठोकळे

मशीनच्या पडद्यावरचा दाबाचा आकडा चढत चालला होता आणि ठोकळा काही फुटायचं नाव घेत नव्हता. तिने जाळीच्या दाराला नाक लावून आत पाहिलं. दोन पोलादी पाटांच्या मधे तो वीतभर उंचीचा काँक्रीटचा ठोकळा ढिम्म बसून होता.

"अहो मॅडम, हा तर हट्टालाच पेटलाय!" भोंगा ओरडला.

भोंगा म्हणजे प्रयोगशाळेतलं हे मशीन चालवणारा माणूस. जन्मभर यंत्रांच्या घरघरीवर आवाज चढवून बोलल्यामुळे हळू बोलणं ही गोष्टच त्याच्याकडून सुटून गेली होती. शेजारच्या वर्गात परीक्षा असली की त्याला रजा द्यावी लागे.

अखेर कट् असा आवाज झाला, आकडा थांबला आणि ठोकळ्याच्या अंगावर एक तिरकी रेघ उमटली. तिने आकडा लिहून घेतला, वरच्या आकड्यांशी ताडून पाहिला आणि पेन कानामागे खोचून नुसतीच उभी राहिली. पाण्याच्या टाकीत मुरलेले ठोकळे जवळपास याच आकड्याला फुटले होते. हा तर उघड्यावरचा होता.

तिचा प्रयोग सांगायला सोपा होता. सिमेंट, वाळू आणि खडीत केसांसारखे बारीक पोलादी तंतू मिसळायचे आणि एकाच मालातून सगळे ठोकळे ओतायचे. मग त्यांच्या वाट्याला वेगवेगळं नशीब द्यायचं. काही टाकीत बुडवून ठेवायचे, त्यांना निळा ठिपका. काहींवर ओलं गोणपाट टाकायचं, त्यांना लाल ठिपका. आणि राहिलेले मागच्या अंगणात लाकडी फळीवर, उन्हावाऱ्यात तसेच सोडून द्यायचे. या शेवटच्यांना काहीच मिळायचं नव्हतं, म्हणून रंगसुद्धा दिला नव्हता. काँक्रीट ओलं राहिलं तर घट्ट होत जातं आणि लवकर सुकलं तर आतल्या आत कच्चं राहतं, हे कुठलाही गवंडी सांगेल. तंतू घातले तर ही उणीव किती भरून निघते, एवढंच तिला पाहायचं होतं. थोडीफार निघेल अशी तिची अटकळ होती. सगळीच निघेल असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

गाईड सर आले, त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"मी म्हणत नव्हतो? पाण्यावाचून भागतंय!"

"सर, हे जरा जास्तच चांगलं आलंय."

"अगं, जास्त चांगलं म्हणजे काय? वाईट आलं असतं तर रडली असतीस, चांगलं आलं तर तोंड पाडून उभी आहेस. तुम्हाला खूश करायचं तरी कसं?"

सरांचा आनंद उगीचचा नव्हता. डोंगरापलीकडच्या वस्त्यांसाठी पाण्याच्या टाक्या बांधायचं ठरलं होतं आणि ते काम एका विचित्र जागी अडून बसलं होतं. तिथे प्यायलाच पाणी नाही, तर नव्या काँक्रीटवर मारायला कुठून आणणार? समितीने सरांचं मत मागितलं होतं आणि याच आठवड्यात बैठक होती. सर खिशातला फोन चाचपत बाहेर पडले. जिना चढता चढताच त्यांनी कुणाला तरी शुभवार्ता दिली, ती खालपर्यंत ऐकू आली.

तिलाही आनंद व्हायला काही हरकत नव्हती. तिचा प्रबंध इतकी वर्षं रखडला होता की नवरा म्हणायचा, आपल्या लग्नाची पंचविशी आणि तुझी पदवी एकाच मांडवात उरकून टाकू. आता ते संपणार होतं. पण तो आकडा तिच्या डोक्यातून जाईना. ती मागच्या अंगणात गेली.

अंगण उन्हाने तडकलं होतं. भिंतीपासून कुंपणापर्यंत सगळी माती फिकी पडली होती. फक्त उघड्यावरच्या ठोकळ्यांच्या फळीखाली, फळीच्याच मापाचा, कोवळ्या गवताचा एक हिरवागार पट्टा उगवला होता. ती वाकली. फळीच्या कडा फुगून वर आल्या होत्या. ठोकळे मात्र कोरडे होते, रोज सकाळी ती कामावर आल्याआल्या पाहायची तेव्हा असायचे तसेच.

ती आत परतली.

"दादा, मागे कुणी पाणी मारतं का?"

"मला काय माहीत, मॅडम," भोंगा म्हणाला. आणि हे तो इतकं हळू म्हणाला की तिची खात्रीच पटली.

संध्याकाळी स्कूटरवर तिच्या मागे सासरे बसले होते. गावभर त्यांना मिस्त्री म्हणत. आधी ते कामाचं नाव होतं, मग लोकांनी तेच नाव करून टाकलं. हात थकेपर्यंत त्यांनी लोकांची घरं बांधली होती. त्या दिवशी ते खुशीत होते, वाऱ्यात ओरडून ओरडून बोलत होते. भोंग्याच्या मुलीचं लग्न ठरतंय. मुलाकडच्यांनी मुलीचा आवाज ऐकला आणि हीच हवी म्हणाले, कारण मुलाची आजी ठार बहिरी आहे. मिस्त्री आपल्याच विनोदावर इतके हसले की स्कूटर डुगडुगली.

ती आरशातून त्यांच्याकडे बघत होती. सासूबाई गेल्यावर हाच माणूस भिंतीकडे तोंड करून खाटेवर बसून असायचा. ताट समोर ठेवलं तर दोन घास खायचा, उचललं तर का उचललं म्हणून विचारायचा नाही. नवरा हवालदिल झाला होता. घरात एकटं ठेवायची भीती वाटली म्हणून तिने एक दिवस त्यांना सोबत नेलं आणि प्रयोगशाळेच्या मागच्या ओसरीवर बसवलं. मग ते रोज येऊ लागले. आधी दाढी करू लागले, मग डबा संपवू लागले. पुढे तर, आज उशीर होतोय, चला, असं तिलाच घाई करू लागले. नवरा विचारायचा, तुझ्या लॅबमध्ये औषध कसलं आहे? तिला वाटायचं, भोंग्याची संगत.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने डबा वरच्या खोलीत उघडाच ठेवला आणि मागच्या जिन्याने खाली उतरली.

भोंगा ओसरीवर तोंडावर रुमाल टाकून झोपला होता, किंवा झोपल्याचं दाखवत होता. मिस्त्री अंगणात फळीपाशी उकिडवे बसले होते. हातात रंगाचं रिकामं डबडं. एका हाताने ते बारीक धार सोडत होते आणि दुसऱ्या हाताचा तळवा ठोकळ्यावरून असा फिरवत होते, जसं कुणी लहान मुलाला न्हाऊ घालतं. पाणी कडेवरून ओघळलं की हाताने परत वर लोटत होते. एक झाला की दुसरा. भिजून झालेल्यांवर त्यांनी स्वतःचा टॉवेल ओला करून पसरला होता.

"बाबा! हे काय केलंत?"

तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. ओसरीवरचा रुमाल दचकून खाली पडला. मिस्त्रींनी डबडं खाली ठेवलं, टॉवेल उचलला आणि तो पिळत तसेच उभे राहिले.

"कधीपासून घालताय?"

"पहिल्यापासून. तू सकाळी बघून वर गेलीस की एकदा. मग दुपारी. मग निघायच्या आधी."

"अहो, पण यांना पाणी घालायचंच नव्हतं! दादांनी सांगितलं नाही तुम्हाला?"

"सांगितलं होतं. त्याच्यावर रागवू नकोस, त्याने दोनदा सांगितलं." मिस्त्री खाली बघत होते. "मला जमलं नाही, सूनबाई."

"जमलं नाही म्हणजे?"

टॉवेल पिळून पिळून कोरडा झाला होता, तरी ते पिळतच होते.

"तिला नाही दिलं मी. तू कामावर जायचीस, हा कामावर जायचा, मग घरात आम्ही दोघंच. ती म्हणायची, अहो, एक घोट द्या, कुणाला कळणार आहे? नाही दिला. तू जेवढं मापून ठेवलेलं असायचं तेवढंच दिलं. तुझं बरोबरच होतं गं. डॉक्टरांनीच मनाई केली होती." त्यांनी ठोकळ्यांकडे हात केला. "पण यांना काही डॉक्टरांनी मनाई केली नव्हती ना?"

भोंगा कधी आत निघून गेला ते तिला कळलंही नाही. ती ओसरीच्या पायरीवर बसली.

सासूबाईंच्या किडन्या थकल्या तेव्हा डॉक्टरांनी दिवसभराच्या पाण्याचं माप ठरवून दिलं होतं. घरातले पेले-वाट्यांचे अंदाज तिला पसंत पडले नाहीत, म्हणून तिने प्रयोगशाळेतून रेघा आखलेला एक नवा जार आणला. रोज सकाळी त्यात पाणी भरायचं, डोळा रेघेच्या उंचीला आणून पाहायचं, जास्त झालं तर ओतून कमी करायचं. सासूबाई अंथरुणातून म्हणायच्या, आली बघा आमची मापाडीण! त्या हसायच्या, तीही हसायची. आपण त्यांची किती नीट काळजी घेतोय याचा तिला तेव्हा अभिमान वाटायचा. जार भरून ती कामावर निघून जायची. त्या जारापुढे दिवसभर कोण बसतं, याचा विचार तिच्या मनाला शिवलाही नव्हता.

डॉक्टरांचं बरोबर होतं. तिचं बरोबर होतं. मापही बरोबर होतं. आणि सासूबाई तहानलेल्या गेल्या, हेही खरंच होतं.

"बाबा, तुम्ही कधी बोलला नाहीत."

"काय बोलायचं? चूक कुणाचीच नव्हती. चूक असती तर भांडलो तरी असतो."

त्यांनी डबडं उचलून नळापाशी उपडं घातलं, टॉवेल खांद्यावर टाकला आणि ते ओसरीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले, भिंतीकडे तोंड करून.

सरांच्या खोलीत ती दार लोटून उभी राहिली. समितीसाठी त्यांनी मोठ्या हौसेने कागद तयार केला होता. त्याची एक प्रत तिच्यापुढे सरकवून ते म्हणाले, "वाच. तुझं नाव माझ्या आधी घातलंय."

"सर, उघड्यावरचे ठोकळे उघड्यावरचे नव्हते."

तिने सगळं सांगितलं. कुणी पाणी घातलं तेवढं मात्र आधी नाही सांगितलं. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, परत काढला.

"सगळे?"

"सगळे. रोज तीन वेळा. वर ओला टॉवेलसुद्धा."

"म्हणजे गोणपाटवाल्यांपेक्षा यांचीच बडदास्त जास्त ठेवली की!" सर हसायला गेले, पण ते हसू अर्ध्यावरच विझलं. "आणखी कुणाला माहीत आहे?" त्यांनी विचारलं आणि विचारताक्षणीच स्वतःचे कान पकडले. "हे मी विचारलं नाही. तू ऐकलं नाहीस. फोन लावतो त्यांना."

फोनवर ते खूप वेळ बोलले. बोलण्यापेक्षा ऐकणंच जास्त होतं. फोन ठेवला तेव्हा त्यांचे खांदे उतरले होते. समिती थांबायला तयार होती, पण फार नाही.

"पुन्हा कर. पहिल्यापासून," ते म्हणाले. "तुझी पदवी लांबली, ते मला दिसतंय. पण इलाज नाही. आणि आता मागच्या अंगणाला कुलूप. बाहेरचं माणूस नको. कोण होतं ते?"

"माझे सासरे."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. मिस्त्रींना ते ओळखत होते. येताजाता त्यांना रामराम घालत.

"त्यांना वाईट वाटेल, पण..."

"सर, मला त्यांनाच राखणीला बसवायचंय."

"ज्यांनी पाणी घातलं त्यांनाच?"

"त्या ठोकळ्यांकडे त्यांच्याइतकं दुसरं कुणी बघत नाही. मीसुद्धा नाही बघितलं."

कुलपाची किल्ली टेबलावरून तिच्याकडे ढकलून सरांनी समितीचा कागद फाडला.

रात्रीच्या जेवणाला मिस्त्रींनी दोन घास खाल्ले. सकाळी ती निघाली तरी ते खाटेवरच होते, दाढी केलेली नव्हती. नवरा दारापर्यंत आला आणि कुजबुजला, "परत तसंच सुरू झालं की गं. काही झालं का तिकडे?"

"झालं. पण ते माझं आणि बाबांचं आहे."

हातातली पिशवी त्याच्याकडे देऊन ती आत वळली. खाटेसमोर फरशीवर मांडी घालून बसली, म्हणजे मिस्त्रींना भिंतीऐवजी ती दिसेल.

"बाबा, ते ठोकळे कशासाठी आहेत ते मी तुम्हाला कधी सांगितलंच नाही. ओसरीवर बसवलं आणि निघून गेले."

तिने डोंगरापलीकडच्या वस्त्यांचं सांगितलं, टाक्यांचं सांगितलं. मिस्त्रींची नजर हळूच तिच्यावर आली.

"टाक्या जमिनीवर की खांबांवर?"

"खांबांवर."

"खाली घरं?"

"घरं आहेत. शाळा आहे."

"आणि पाणी न मारता बांधणार?"

"तंतू घातलेत ना, मग पाण्याची काय गरज, असं म्हणतायत. माझे परवाचे आकडे गेले असते तर तसंच बांधलं असतं. टाकी उभी राहिली असती, बाबा. चार-सहा वर्षं कुणाला काही कळलंही नसतं. पण काँक्रीट आतून कच्चं राहिलं की त्यात पाणी झिरपतं, मग ते तंतू गंजतात, आणि मग..."

"मग काय, सांगू नकोस. बघितलंय मी." त्यांनी डोळे मिटले आणि उघडले. "म्हणजे ते ठोकळे फुटायला हवेत."

"लवकर फुटायला हवेत. ते फुटले तर लोक ऐकतील. तुम्ही पाणी घातलंत म्हणून ते नाही फुटले."

"म्हणजे यांना तहानलेलं ठेवायचं, ते कुणाच्या तरी भल्यासाठी."

"हो."

हे वाक्य दोघांच्याही ओळखीचं होतं. नवरा दारात पिशवी घेऊन उभा होता आणि त्याला त्यातलं काहीएक कळत नव्हतं.

"मी तुम्हाला एकट्याला बसवणार नाही," ती म्हणाली. "दुपारचा डबा मी खालीच आणीन. आपण दोघं बसू."

मिस्त्रींनी हनुवटीवरून हात फिरवला.

"दाढी करायला वेळ आहे का?"

नव्या ठोकळ्यांचा माल कालवायला मिस्त्री आणि भोंगा दोघं उभे राहिले. भोंगा आकडे ओरडायचा, मिस्त्री फावडं मारायचे. तंतू बोटांना टोचत होते. हे काँक्रीट आहे की साळिंदर, असं मिस्त्री पुटपुटले. भोंग्याने ते सगळ्या इमारतीला ऐकवलं. ठिपके द्यायची वेळ आली तेव्हा निळे आणि लाल देऊन झाल्यावर मिस्त्रींनी तिच्याकडे हात पुढे केला.

"यांनाही दे काहीतरी. अगदीच उघडेबोडके नकोत."

तिने पिवळा रंग आणला.

मग राखण सुरू झाली. पहिले काही दिवस मिस्त्रींनी हात मांड्यांखाली दाबून ठेवले. आपल्या सावलीने गारवा नको म्हणून ऊन फिरेल तसे ते ओसरीवर सरकून बसत. दुपारी ती डबा घेऊन येई आणि दोघं त्या पिवळ्या ठिपक्यांकडे बघत जेवत. कधी बोलत, कधी नाही. बोलणं निघालं की ते बहुतेक सासूबाईंवर जाई. त्या कशा भांडायच्या, उधार दिलेलं भांडं मागायला कशा निघायच्या आणि तिथेच गप्पा मारत बसून भांडं विसरून यायच्या. तिला यातलं निम्मं माहीत नव्हतं. एकदा मिस्त्री सांगता सांगता थांबले आणि म्हणाले, "शेवटी शेवटी तिला नुसता नळाचा आवाज आवडायचा. मी नळ सोडून ठेवायचो. ते तुझ्या मापात नव्हतं, म्हणून सांगितलं नाही." तिच्या हातातला घास डब्यात परत गेला. मिस्त्रींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि खरकट्या हाताने ठेवला म्हणून लगेच काढून घेतला.

एके दिवशी आवाराचा माळी रबरी नळी ओढत अंगणाच्या कुंपणाशी आला. ऊन फार, झाडं सुकतायत, म्हणून त्याने कुंपणापलीकडून जोरात धार सोडली. वरच्या मजल्यावर ती वर्गात शिकवत होती. खालून असा आवाज आला की तिला वाटलं, भोंगाच.

"खबरदार! एक थेंब इकडे आला तर याद राख!"

ती खिडकीशी धावली. मिस्त्री ठोकळ्यांच्या आणि नळीच्या मधे दोन्ही हात पसरून उभे होते, छातीवरून पाणी ओघळत होतं. घाबरलेल्या माळ्याने नळी खाली टाकली होती आणि ती सापासारखी वळवळत होती. माळी गेल्यावर मिस्त्री वळले. त्यांनी एकेक ठोकळा वाकून पाहिला. कुठे शिंतोडा दिसला नसावा. मग ते ओल्या अंगाने ओसरीवर येऊन बसले आणि तोंडावर टॉवेल धरून त्यांनी रडून घेतलं. ती खाली गेली नाही. मुलं वाट बघत होती आणि काही गोष्टी माणसाने एकट्यानेच उरकलेल्या बऱ्या असतात.

फोडायच्या दिवशी सर आले, वर्गातली दोन-चार मुलं आली, आणि मिस्त्री कडक इस्त्रीचा सदरा घालून आले. निळे फुटले ते भारी आकड्याला. लाल त्यांच्या मागोमाग. मग भोंग्याने पहिला पिवळा ठिपका मशीनमध्ये ठेवला आणि बटण दाबायच्या आधी मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्रींनी मान हलवली.

आकडा चढू लागला आणि निळ्यांच्या बऱ्याच अलीकडे कट् झालं.

दुसराही तसाच. तिसरा तर त्याच्याही आधी. सरांनी सगळे आकडे पाहिले, तोंडातल्या तोंडात काहीतरी मोजलं आणि तिच्या पाठीवर थाप मारली. टाक्या बांधायच्या तर काँक्रीटवर मारायचं पाणीसुद्धा आधी तिथे पोचवायचं, तंतू असोत की नसोत, असं ते समितीला लिहिणार होते. समितीला ते आवडणार नव्हतं, आणि सरांना त्याचीच मजा वाटत होती. मुलं पांगली. भोंग्याने मशीन बंद केलं, तशी खोली एकदम शांत झाली.

मिस्त्री फुटलेल्या ठोकळ्यांपाशी उभे होते. अंगभर भेगा पडल्या होत्या, कोपरे सुटले होते, पण एकही ठोकळा विखुरला नव्हता. भेगांमध्ये तंतू ताणलेले दिसत होते.

"आता यांचं काम झालं ना?" त्यांनी विचारलं.

"झालं, बाबा."

"म्हणजे आता यांना काही केलं तरी तुझं काही बिघडत नाही?"

"नाही."

त्यांनी एक ठोकळा उचलला, छातीशी धरला आणि तो सुटू नये म्हणून खालून तळवा लावत ते हळूहळू मागच्या अंगणात गेले. परत आले, दुसरा नेला. तिसरा तिने उचलला. फळीवर सगळे ओळीने मांडून झाल्यावर त्यांनी टाकीतून बादली भरून आणली आणि त्यात ते जुनं डबडं बुडवलं. डबडं ठोकळ्यावर धरून ते थांबले आणि त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"किती घालू?"

फुटलेल्या काँक्रीटला पाण्याचा काय उपयोग, हे तिला पक्कं ठाऊक होतं. याच विषयावर तिने प्रबंधाचं एक आख्खं प्रकरण लिहिलं होतं.

"हवं तेवढं घाला, बाबा," ती म्हणाली, आणि दुसरी बादली घेऊन नळाकडे गेली.